डाव्या बाहीचा बिबट्या

आमच्या घरात पलटणींना नावं नव्हती, जनावरं होती. बाबा चिंचपोकळीला एका खोलीत बसून लष्कराचे बिल्ले जरीनं भरायचे आणि घरी आले की सांगायचे, "आज दिवसभर गेंडा," नाहीतर, "बिबट्यानं डोळे फोडले आज." माझा धाकटा भाऊ फौजेत गेला तेव्हा तो कुठल्या तुकडीत आहे हे त्यांना काही समजत नव्हतं. पहिल्या सुट्टीत त्यानं वर्दीची बाही पुढं केली आणि बाबा केवढ्यानं ओरडले, "अरे, हा तर आपला बिबट्या!" त्या दिवशी चाळभर पेढे वाटले त्यांनी.

त्या बिबट्याचे नियम आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मागं बर्फाचे सुळके. शेपूट वर, कारण तो सावध. खाली पडली की झालं त्याचं मांजर. आणि तोंड पुढं, शत्रूकडं. बिल्ला दोन्ही बाह्यांवर लागतो, म्हणून बिबटे दोन भरायचे, एकमेकांच्या उलट. माणूस चालायला लागला की दोन्ही त्याच्याबरोबर पुढंच बघतात. कागद मात्र एकच. नक्षीच्या रेघेवर सुईनं भोकं पाडलेला तो कागद कापडावर ठेवून वरून खडूची पूड चोळली की खाली ठिपके उतरतात. सुलटा ठेवला तर डाव्या बाहीचा, पालथा घातला तर उजव्या. "अदलाबदल झाली तर काय होतं?" मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "शिपाई पुढं जातो आणि त्याचा बिबट्या मागं पळायला बघतो. कुणाच्या पोराला असलं घालायला द्यायचं?"

भाऊ लढाईत गेला नाही. रजा मंजूर झाली होती, चौकीवरून खाली उतरत होता, गाडी दरीत गेली. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तो तिरंग्यात गुंडाळून आला. सगळी चाळ रडली, आणि रडून झाल्यावर नळावर एक बाई बोललीच, "लढून कुठं गेला? घरी यायला निघाला होता." मी तिला तिथल्या तिथं अशी झापली की ती भरलेली कळशी टाकून गेली. मला तिचा आजही राग येतो. पण बाबांच्या कानावर ते पडायचं ते पडलंच. तेव्हापासून कुणी भावाचा विषय काढला की ते न विचारता सांगायचे, "साहेबानं सोडलं होतं त्याला. रीतसर." आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचे.

पहिल्या स्मृतिदिनाला चाळीच्या मंडळानं गेटवर फ्लेक्स लावला. भावाचा एकही धड फोटो वर्दीतला नव्हता, म्हणून डिझाइनवाल्यानं चौपाटीवरच्या फोटोतलं डोकं कापून कुठल्यातरी वर्दीवर बसवलं होतं. बाहीवर बिबट्या चिकटवला होता तो तोंड मागं करून. आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. बाबा खाली उतरले, मान वर करून बघितलं आणि बिबट्याकडं बोट केलं.

"उतरवा तो."

"बाबा, एवढं कोण बघतंय?" मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला. बिचारा वाईट माणूस नाही, स्वतः शिडीवर चढून दोऱ्या बांधल्या होत्या त्यानं.

"मी बघतोय! माझ्या पोरानं पाठ दाखवली म्हणून गेटवर लिहून ठेवताय काय?"

कुणाला काहीच कळेना. मी समजावून सांगितलं, पण लोकांचे चेहरे म्हणत होते, म्हातारा पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झाला. बाबा एवढंच म्हणाले, "तुमचा फ्लेक्स तुम्हाला लखलाभ," आणि वर आले.

भावाच्या ट्रंकेत त्याची जास्तीची वर्दी आली होती. तिच्या उजव्या बाहीवर बिल्ला होता, डाव्या बाहीवर नुसते तुटके टाके. बाबांनी माळ्यावरून भरतकामाची लाकडी चौकट काढायला लावली, भोकांचा जुना कागद शोधला आणि बसले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, काम सोडून वर्षं झालेली. मी म्हटलं, "मी भरते, तुम्ही सांगा." तर अंगावर आले, "तुझा बिबट्या होईल तो. माझा नाही." चार घास खायलासुद्धा उठेनात. आई बिचारी सुईत दोरा ओवून देत राहिली.

संध्याकाळी बुद्धवंदनेला माणसं यायच्या आधी त्यांनी तो बिल्ला बाहीला शिवला आणि वर्दी मांडीवर घेऊन त्यावरून बोट फिरवलं. जरीची भरीव नक्षी हाताला लागतेच. शेपूट लागली. पाठ लागली. मग बोट तोंडाशी आलं आणि थांबलं. मला आधीच दिसलं होतं, पण मी सांगितलं नव्हतं. कागद पालथा पडला होता. डाव्या बाहीवर उजव्या बाहीचा बिबट्या बसला होता, तोंड मागं करून.

"कात्री दे," बाबा म्हणाले. मी कात्री दिली. त्यांना टाका कुठला, कापड कुठलं ते दिसेना, तरी ते टोक खुपसत होते.

आईनं त्यांच्या हाताखालून वर्दी ओढून घेतली. वर्षभर ती नवऱ्यापुढं काही बोलली नव्हती.

"उसवायचं नाही. येतच होता ना तो घरी? त्यात कसली आलीय लाज? एक बघतोय ना पुढं. एकाला बघू दे घराकडं."

बाबा तोंडावर हात घेऊन रडले. पोराला अग्नी देताना रडले नव्हते ते. आईनं वर्दी हँगरला लावली, बुद्धाच्या फोटोशेजारी भिंतीला धरली आणि मला म्हणाली, "खिळा ठोक गं, माणसं यायला लागली."