अक्काचा डावा हात

अक्का गेल्यावर भेटायला येणारे विचारतात, शेवटी तिच्याशी काय बोलणं झालं? आम्ही एका कादंबरीतल्या खुन्याबद्दल बोलत होतो, हे मी कुणाला सांगत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर लातूर, तिला तिथंच दिलेलं. मी लग्न करून नांदेडला आले आणि इथल्या एका महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले. तिची शाळा लवकर सुटली, पण मला वाचायला लावलं ते तिनंच. ती वाचनालयातून भुताखेताची, खुनाबिनाची पुस्तकं आणायची आणि भाकरी थापता थापता मला हुकूम सोडायची, "मोठ्यानं वाच, माझे हात पिठात हायत." परीक्षेच्या दिवसांतही तिनं माझ्या वाटची कामं केली आणि मला पुस्तकासमोर बसवलं. मी पुढे जे काही झाले त्यात तिचा वाटा किती, हे मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. तो फार होता, एवढं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी तिचा आजार बळावला. अक्षरं दिसेनात. मग रोज दुपारी जेवणं उरकली की मी नांदेडहून फोन लावायची. तिची सून फोन उशीशी ठेवून आपल्या कामाला जायची आणि मी वाचायला लागायची.

कादंबरी अक्कानंच निवडली होती. जुन्या देवळातली झिजलेली मूर्ती दुरुस्त करायला एक तरुण बाई येते. मूर्तीच्या डाव्या तळहातावर काळा डाग असतो, आणि तसाच डाग जन्मापासून हिच्या तळहातावर. कित्येक शतकांपूर्वी मूर्तिकाराच्या बहिणीचा खून झालेला असतो. पुढच्या जन्मी ओळखता यावी म्हणून त्यानं तिच्या हाताला दिव्याचं काजळ लावलेलं, आणि तिचीच मूर्ती घडवलेली. तिला मारणारा माणूसही दर जन्मी तिच्या मागावर येतो, आणि या जन्मी तो मूर्तीच पळवतो.

"इतक्या जन्मात तोच मारायलाय अन् हिला एकदा बी ओळखू येईना?" अक्का म्हणायची. "शिकलेली दिसती, तुझ्यासारखी."

मूर्तीचं वर्णन आलं की तिला निलंग्याचं देऊळ आठवायचं. लहानपणी आमचे वडील आम्हाला तिथं घेऊन गेले होते. "त्या दगडाच्या बायांच्या कमरा बघून अण्णा आपल्याला कसं पुढं ढकलत होते ग! चला, चला, पिंड बघा म्हणं." हसताना तिला खोकला यायचा आणि मी पान धरून थांबायची.

काजळाचा तो प्रसंग मात्र माझ्या मनातून जाईना. एके दिवशी वाचता वाचता मी थांबले.

"अक्का, असं खरंच असलं तर?"

"आपल्यात न्हाई ग तसलं."

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असलेलं माणूस गेलं की ते लिंगात मिसळलं, लिंगैक्य झालं, असं आमच्यात मानतात. परत येणं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता अक्का जाणार होती, आणि मला ते सोसवत नव्हतं. कुठंतरी, कुठल्याही रूपात, ती पुन्हा भेटायला हवी होती.

"पण असलं तर?"

"असलं तरी जन्मून करायचं काय? परत लातुरात टँकरमागं घागर घेऊन पळायचं?" मी नाक ओढलं. "रडायलीस का काय? येडी कुठली. वाच पुढं. त्या मुडद्यानं मूर्ती कुठं लपवली ते तर कळू दे."

ते कळायच्या आत, एका सकाळी भाच्याचा फोन आला.

मी निघाले. निघताना काजळाची डबी पर्समध्ये टाकली. बसमध्ये वाटेतलं लोहा गाव मागं पडेपर्यंत मी स्वतःशीच हुज्जत घालत होते. आयुष्यभर पोरांना शिकवलेलं सगळं एका बाजूला आणि ती डबी दुसऱ्या बाजूला. शेवटी डबीच जिंकली. तळहातावर एक बोट टेकवायचं. कुणाला कळणारही नाही.

अक्काला अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर नवं लुगडं. बायका हार आणायला बाहेर गेल्या तशी मी तिच्या डाव्या बाजूला बसले, पदराआड डबी उघडली आणि बोट काळं केलं. तेवढ्यात सून आत आली. तिच्या हातात अक्काच्या गळ्यातलं लिंग होतं.

"मावशी, हात धुऊन या," ती हळूच म्हणाली.

मी बोट पदरात लपवलं.

"आत्याबाई सांगून गेल्यात. म्हणाल्या, माझी बहीण काजळ घेऊन यील, तिचा काही भरवसा न्हाई. तिला रागावू नको. हात धुवायला लाव अन् माझा डावा हात तिलाच धरायला सांग. त्या हातात लिंग ठेवायचंय, काळा नको."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. सूनही माझ्या खांद्यावर हात ठेवून तसंच काहीतरी करत होती. अक्कानं माझा सगळा बेत अंथरुणावर पडल्या पडल्या ओळखला होता.

मी मोरीवर जाऊन बोट घासून घासून धुतलं. आले आणि अक्काचा डावा हात माझ्या हातात घेतला. बोटं मिटत होती, ती मी उघडी धरली. सुनेनं तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर लिंग ठेवलं. मग मी ती बोटं एकेक करून मिटली.

शेतात खड्डा तयार होता. तिला तसंच बसवून आतल्या कोनाड्यात ठेवलं. जंगमस्वामींचे मंत्र चालू असताना मी पुढच्या जन्माबद्दल काही मागितलं नाही. अक्का परत येणार नव्हती. पण ती या जन्मी आलीच नसती तर मी कोण झाले असते, हा विचार मनात आला, आणि ती आली होती, माझ्याआधी आली होती, माझ्यासाठी जागा करून थांबली होती, याचं मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच, सगळ्यांसमोर, तिला हात जोडले. मग ओंजळभर माती घालून मी भाच्यासोबत बांधावर आले.