शिरपूरचा रस्ता उत्तरेला आहे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी एकच नाव सांगतो: सिंधूअक्का, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिने चौथीतून शाळा सोडली, भाकऱ्या थापल्या, कापूस वेचला आणि मला शिकवले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. भूगोल घेऊन बी. ए. झालो, धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत मास्तर झालो, ते केवळ तिच्यामुळे. अशा या अक्काला मी एकदा केळीच्या पिकअपवर, लाकडी पेटीत घालून, शिरपूरला नेले.

हे सगळे मी कृतज्ञतेपोटी केले, हे आधीच नोंदवून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अक्काच्या कमरेचा मणका सरकला होता आणि उपचारासाठी ती आमच्याकडे राहायला आली होती. डॉक्टरांनी बजावले होते: बसायचे नाही, आडवे राहायचे. तिची मुलगी मंदा पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचे, तर आईच अंथरुणात! शेवटी मंदा शिरपूरला सासरीच बाळंत झाली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे ठरले. अक्काने मला वाढवताना माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा मागितले.

"बापू, माले नातूनं तोंड देखनं शे. पाळनाले मना हात लागाले पाहिजे."

"मी अँब्युलन्स आणतो," मी म्हणालो.

"बारसाले अँबुलन्समा? लोके इचारतीन, कोन मरनं?"

आमच्या गल्लीतल्या रघुनाथची छोटी पिकअप होती. तिच्यात मागे गादी टाकू, असे मी सुचवले.

"उघडावर? केळीना घडसारखी?"

"मग मागे खोलीच बसवू!" मी बोलून गेलो. (पदवी घेतलेल्या माणसाचा हाच धोका असतो. तो बोलतो, आणि लोकांना ते खरे वाटते.)

त्याच संध्याकाळी मी आलेखाच्या कागदावर आकृती काढली. पिकअपच्या मागच्या हौद्यात बरोबर सरकेल अशी लाकडी पेटी. वर पत्रा, मागे दार, बाजूला एक खिडकी, आत पलंग. डॉक्टरांनी डोके उंचावर ठेवायला सांगितले होते म्हणून पलंगाला एका टोकाला फळ्यांचा उतार. पेटी चढवण्या-उतरवण्यासाठी दोन्ही बाजूंनी लांब बांबू. भिका मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"सर, मी जन्मभर कपाटं आणि देव्हारे केले."

"हे दोन्हींच्या मधलंच आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी माझे शब्द फार मनावर घेतले. दाराला नक्षीची कमान काढली आणि आतून-बाहेरून कपाटाच्या कड्या बसवल्या. पेटी तयार झाली आणि हौद्यात शिरेना! मी माप वरच्या काठाला घेतले होते. खाली चाकांवरचे फुगवटे दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे आत आलेले होते. मिस्त्रींनी करवत घेतली.

एवढ्यात अक्काने पलंगावरून अट घातली. "डोकं उत्तरले नको. पाय दक्षिनले नको. दक्षिनले पाय मेलेलं मानूसना."

यात मात्र मला कोणी हरवू शकत नव्हते. पिकअप आमच्या दारात पूर्वेकडे तोंड करून उभी असे. मी होकायंत्र आणले, हौद्यात ठेवले, दोनदा तपासले आणि निर्णय दिला: डोके ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, पाय दाराकडे, पश्चिमेला. मिस्त्रींनी त्याप्रमाणे उतार खिळ्यांनी ठोकून टाकला. अक्काने समाधानाने डोळे मिटले. "शिकेल मानूस घरमा पाहिजे," ती म्हणाली.

माझी बायको शोभा पाळणा आणि बाळंतविडा घेऊन आदल्या दिवशी बसने शिरपूरला गेली. बारशाच्या सकाळी आम्ही निघालो. मिस्त्रींनी पेटीची पूजा करून तिला झेंडूच्या माळा बांधल्या. आठ जणांनी अक्कासकट पेटी उचलून हौद्यात सरकवली. मी पुढे रघुनाथशेजारी बसलो. मांडीवर मातीचे मडके, त्यात मंदासाठी डिंकाचे लाडू. अक्काला काही हवे असेल तर तिने पेल्याने पेटीच्या भिंतीवर ठोकायचे, असे ठरले होते.

देवपूर सुटले आणि ठोकणे सुरू झाले. रघुनाथने गाडी कडेला घेतली. मी खिडकीशी गेलो.

"बापू, ऊन डावा हातवर कसं काय ई राह्यनं?"

"सकाळचं ऊन आहे, अक्का."

"ते माले समजस. मनं डोकं कोनत्या बाजूले शे?"

मी सूर्याकडे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले. मी पेटी मांडली होती ती उभ्या गाडीच्या हिशेबाने. शिरपूर धुळ्याच्या उत्तरेला आहे. गाडी उत्तरेकडे निघाल्यावर अक्काही उत्तरेकडे निघाली होती, डोके पुढे करून.

"मना पाय दक्षिनले शेतस!" पेटीतून आवाज आला. "तू शाळामा काय शिकाडस रे?"

"सर," रघुनाथ हळूच म्हणाला, "तुम्ही भूगोलच शिकवता ना?"

उशी दुसऱ्या टोकाला नेता येत नव्हती. उतार खिळ्यांनी ठोकलेला, डोके खाली आणि पाय वर झाले असते. "बारसाले मी मडं बनीसन जावाव नही," अक्काने निक्षून सांगितले. एकच उपाय उरला: पेटीच उलटी फिरवायची.

सोनगीरच्या थांब्यावर गाडी उभी केली. चहाच्या टपरीवरून आठ भले लोक हात लावायला आले. त्यांना मी घाईत एवढेच म्हणालो, "बाई आहेत, सांभाळून." त्यांनी चहाचे पेले ठेवले, टोप्या काढल्या आणि अत्यंत गंभीरपणे बांबू खांद्यावर घेतले. पेटी फिरवायला मोकळी जागा हवी होती. लाडवांना धक्का लागू नये म्हणून मी मडके हातात धरून, समोरच्या वाहनांना थांबा अशी खूण करत, पुढे चालू लागलो.

आता हे दृश्य रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. खांद्यावर बांबू. झेंडूच्या माळा. पुढे घामाघूम झालेला, रडवेल्या चेहऱ्याचा भाऊ, हातात मडके.

सायकलवरचा एक म्हातारा उतरला. त्याने हात जोडले. "कोन मरनं भो?"

पाठोपाठ एसटी थांबली. खिडक्यांतून हात जोडले गेले. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. "बिचारी! कोठली व्हती?"

"मी जित्ती शे!" पेटी ओरडली.

पुढचे दोन खांदेकरी बांबू सोडून थेट टपरीच्या मागे गेले. पेटी एका कोपऱ्यावर झुकली. मी मडके टाकून कोपरा धरला, आणि त्या क्षणी मला दिशा, लाज, लाडू काहीच आठवले नाही. तिचा मणका, एवढेच डोक्यात होते. "अक्का! अक्का, लागलं का?"

कोपरा न सोडता मी पेटीला कान लावला.

"नही लागनं," आतून आवाज आला. "लाडू फुटनात का?"

उरलेल्यांनी पेटी फिरवून हौद्यात सरकवली. मी सूर्य पाहिला: डोके दक्षिणेला, पाय उत्तरेला. निर्दोष! तापी ओलांडेपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग रघुनाथने आरशात पाहिले.

"सर, दार कुठे गेलं?"

दार आमच्या पाठीला होते. पेटी उलटी फिरल्यावर कमान, नक्षी, कड्या सगळे ड्रायव्हरच्या कॅबिनला चिकटले होते. अक्का आत, आणि बाहेर यायला वाट नाही!

शिरपूरला मंदाच्या दारात बायका जमलेल्या. पुरुष मंडळी जेवणाच्या वेळेला येणार होती. मुहूर्त टळत चाललेला. शोभाने पेटीला एक फेरी मारली.

"दार नाही केलं?"

"केलंय. आतल्या बाजूला आहे."

तिने कपाळावर हात मारला. मी माणसे गोळा करायला निघालो, तर अक्का खिडकीतून गरजली, "आज एकदाव मरनू, पुरं झायं. आते कोनी उचलू नका माले!"

तेव्हा मंदाच्या सासूबाई पुढे झाल्या. "विहीणबाई येऊ शकत नाहीत ना? मग पाळणा जाईल." चार बायकांनी पाळणा उचलून पिकअपशेजारी मांडला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले. मग शोभाने बाळ खिडकीतून आत दिले. अक्काने त्याला छातीवर घेतले आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. पाळण्याची दोरी खिडकीतून आत गेली आणि ती तिने झोपल्या झोपल्या ओढली. मी चाकामागे उभा राहून डोळे पुसले. रघुनाथ म्हणाला, धूळ फार आहे.

दुपारी पेटी उतरवून अक्काला घरात नेले आणि ती मंदाकडेच राहिली. चौथ्या दिवशी मी तिला पत्र पाठवले, ते असे:

"तीर्थरूप अक्कास, बापूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. सोनगीरला थांबून त्या लोकांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. तुला आणायला मी रविवारी येतो. सोबत पेटी आणत नाही, आपण एसटीने येऊ. काल डॉक्टर भेटले. तुझे कागद पाहून, तुला बसून प्रवास करायला आता मुळीच हरकत नाही, असे ते म्हणाले. हेच ते बारशाच्या तीन दिवस आधी तुला तपासून सांगणार होते. त्या दिवशी तुला दवाखान्यात न्यायचे काम माझ्याकडे होते. मी पेटीला रंग देत होतो.

तू शिकवून शहाणा केलेला,
तुझा बापू."