शून्य तासाची पानं

माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. घरी त्याचं कौतुक व्हायचं, म्हणून तो गुणच आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. नागपुरात गव्हाच्या रोपांवर पीएचडी करताना एका मे महिन्यात तो गुण मी भर प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर दाखवला.

माझा विषय होता, गहू उष्णता कशी सोसतो. पेशीतली प्रथिनं उन्हानं विस्कटायला लागली की त्यांना सावरणारी दुसरी प्रथिनं असतात. एरवी ही सावरणारी मंडळी एका स्विचला, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या एका प्रथिनाला, धरून बसलेली असतात. उष्णता वाढली की ती विस्कटलेल्यांच्या मदतीला धावतात, स्विच मोकळा होतो, तो थेट जनुकांपाशी जाऊन आणखी सावरणारी प्रथिनं बनवायला लावतो. पुरेशी बनली की तीच पुन्हा स्विचला धरतात आणि काम थांबतं. रोप उगाच शक्ती घालवत नाही. नव्या मुलींना मी हे इतक्यांदा समजावलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

आमच्या काचघरात एक मावशी रोजंदारीवर होत्या. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरातलं. माग बंद पडले आणि त्या इकडे आल्या. ट्रेमधलं एक रोप जरी मान टाकायला लागलं तरी ते त्यांना माझ्याआधी दिसायचं. रोपांना त्या लेकरं म्हणायच्या. पूर्वी एकदा प्रयोगासाठी मी पाणी तोडलेली रोपं बघवली नाहीत म्हणून त्यांनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं होतं आणि स्वतःच येऊन सांगितलंही होतं.

त्या मे महिन्यात मी सहा ट्रे उष्णतेच्या कपाटात ठेवले. ती जात नाजूक होती, त्या तापमानाला मरायलाच हवी होती. चार दिवसांनी सहाही ट्रे हिरवेगार. मार्गदर्शक सर शेजारी उभे होते. मी मावशींकडे वळले आणि तोंडाचा पट्टा सोडला. तुम्हीच पाणी घातलं, माझं वर्ष वाया घालवलं, तुम्हाला इथं ठेवलं कोणी, असं काय काय बोलले. मावशींनी एवढंच म्हटलं, "मी पाणी नाही टाकलं, मॅडम. कपाटाले हातई नाही लावला."

सरांनी त्यांना दुसऱ्याच दिवसापासून प्लॉटवर धसकटं वेचायला पाठवलं. नागपूरच्या मे महिन्यात, सावली नसलेल्या रानात. मला ते योग्यच वाटलं.

पंधरा दिवसांनी मी त्याच रोपांची पानं तपासली. कपाटात ठेवण्याआधी खुडून गोठवलेली, शून्य तासाची पानं. त्यांच्यात सावरणारी प्रथिनं असायला नको होती. ती भरपूर होती. म्हणजे कपाटात जाण्याआधीच रोपांना ऊन लागलेलं होतं. आधी थोडी उष्णता सोसलेलं रोप पुढची मोठी उष्णता तगून जातं, हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलं होतं.

मी फोन काढला. रोपं कपाटात ठेवण्याच्या आदल्या दुपारचे फोटो त्यात होते. उजेड चांगला म्हणून मीच सहाही ट्रे व्हरांड्यात नेले होते, आणि फोटो झाल्यावर ते तसेच ठेवून डबा खायला गेले होते. गप्पांत दोन तास गेले होते. स्वतःच्या चुकीचं खापर मी एका बाईच्या डोक्यावर फोडून मोकळी झाले होते.

प्लॉटवर गेले तेव्हा मावशी डोक्याला शेला गुंडाळून बसल्या होत्या, चेहरा भाजल्यासारखा झाला होता. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. तुम्ही ट्रे बाहेर ठेवून जेवाले गेल्या, मी पाहून राहिली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कोण आयकलं असतं माझं?"

मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी हातातलं धसकट ढिगावर टाकलं. "सगळ्याइसमोर बोलल्या होत्या तुम्ही मले. तसंच सगळ्याइसमोर सांगा. मंग येतो मी."

मी हो म्हटलं आणि तेव्हा ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

सोमवारच्या बैठकीत मी निष्कर्ष मांडले. ट्रे अनवधानानं बाहेर राहिले होते, असं म्हणाले. कोणी ठेवले ते सांगितलं नाही, मावशींचा विषय काढला नाही. सर खूश झाले. चुकीतूनही नवं प्रकरण काढता आलं पाहिजे, असं सगळ्यांना म्हणाले. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ते गिळलं आणि खाली बसले.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "सांगतलं का?"

मी म्हटलं, "हो."

मग मी सरांकडे गेले आणि मदतीला माणूस कमी पडतंय असं सांगून मावशींना परत मागून घेतलं. दुसऱ्या सकाळी मावशी आल्या. धुतलेलं लुगडं नेसून, हसत. कपाट सांभाळणारे दादा त्यांना पाहताच उठले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "खबरदारी बरी, मॅडम," ते मला म्हणाले. मावशींनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ट्रेवरची लेबलं वाचत राहिले.

त्या दिवशी त्यांनी सगळं काम नीट केलं. दुसऱ्या दिवशी आपणहून प्लॉटवर गेल्या. मी त्यांना बोलवायला गेले नाही. त्या सहा ट्रेंवरचं प्रकरण माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं ठरलं, आणि सरांना मी आजवर काही सांगितलेलं नाही.