भट्टीचं अस्तर

आमच्या घरी चहा साखरेचाच मिळतो. हल्ली ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या बायासुद्धा गुळाच्या चहाचं कौतुक करतात, गूळ तब्येतीला किती चांगला ते मला समजावून सांगतात. गिऱ्हाईक आहे म्हणून मी मान हलवते आणि टेपने माप घेत राहते. पण डोक्यात तिडीक जाते.

माझा नवरा जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात होता. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात, म्हणून इथंही मी तसंच म्हणते. भंगार आणायचं, वितळवायचं आणि त्याच्या सळया करायच्या, असे पुष्कळ कारखाने इथं आहेत. भट्टी म्हटलं की लोकांना लाल रस आणि ठिणग्या आठवतात. ह्यांचं काम मात्र भट्टी बंद असताना असायचं. लोखंडाचा रस भट्टीच्या अंगाला लागू नये म्हणून तिला आतून पांढऱ्या दगडाच्या भुकटीचं अस्तर असतं. ते झिजलं की माणसांनी आत उतरायचं, जुनं अस्तर फोडून काढायचं आणि नवी भुकटी ओतून ठासून भरायची. मी ब्लाउजला अस्तर लावते आणि हे भट्टीला, असं लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हसत हसत सांगायचे. मला त्याची फार मजा वाटायची.

ती भुकटी मैद्याहून बारीक. हे घरी यायचे ते भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या करून. सासूबाई गावाकडून आल्या की म्हणायच्या, "आरं, तू कारखान्यात जातो का पिठाच्या गिरणीत?" मी ह्यांचा शर्ट अंगणात नेऊन झटकायचे आणि मग भिजवायचे. बादलीतलं पाणी दुधासारखं व्हायचं. तशी आमच्या वस्तीत धुराड्यांची काजळी रोजच पडते, पत्र्यावर घातलेल्या कुरडया संध्याकाळी पुसून घ्याव्या लागतात. त्या काळ्यापुढं हे पांढरं कुणाला वाईट वाटलंच नाही.

पाळी सुटली की ठेकेदाराचा माणूस गेटवर उभा राहून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असं सगळेच धरून चालायचे. यूपी-बिहारची पोरंही तेच म्हणायची, आमचे लोकही तेच. शेजारणी मला म्हणायच्या, तुमचा कारखाना बरा बाई, निदान गूळ तरी देतो. हे अर्धा खडा खायचे आणि अर्धा कागदात बांधून माझ्यासाठी आणायचे. मला दिवस गेले तेव्हा तर अख्खा खडा घरी यायला लागला.

"अहो, धूळ तुमच्या छातीत हाये, तुमी खावा की," मी म्हणायचे.

"मला दस्ती हाये ना बांधायला. तू खा."

नाकाला दस्ती म्हणजे साधा हातरुमाल आणि छातीला गूळ, एवढा बंदोबस्त होता. गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत जाते, मग दोघांची गाठ पडणार कुठं, हे त्या गेटवर एकानंही विचारलं नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गूळ वाटत होते.

पोरगी माझ्या माहेरी झाली, वाटूरला. तिला घेऊन मी जालन्याला परत आले तेव्हा ह्यांना खोकला लागलेला होता. पण पोरीपुढं त्यांना खोकल्याची शुद्ध नव्हती. कामावरून आले, आंघोळ केली, की तिला छातीवर पालथी घालून खाटेवर पडायचे. ती तिथंच झोपायची. खोकल्यानं दचकून उठेल म्हणून हे खोकला दाबून धरायचे, इतका की डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हणायचे, द्या इकडं तिला. द्यायचे नाहीत.

मग ताप यायला लागला, वजन उतरलं, कारखान्यातला जिना चढताना धाप लागायला लागली. वस्तीच्या तोंडाशी एका डॉक्टरचा दवाखाना होता. त्यानं छातीचा फोटो काढून आणायला सांगितला, तो उजेडाकडं धरला आणि म्हणाला, टीबी. थुंकी तपासली नाही. काम काय करता, हेही विचारलं नाही. त्याच्या टेबलासमोर माझा नवरा पांढऱ्या पापण्या घेऊन बसला होता आणि ह्या शहाण्याला तो दिसला नाही.

ह्यांचं गाव आष्टीच्या बाजूला. तिथं ह्यांचा चुलता टीबीनं गेला होता आणि त्याच्यामागं त्याची दोन लेकरंही गेली होती. एका ताटात जेवणारी, एका वाकळेत झोपणारी. हे तेव्हा लहान होते, पण ती तिन्ही मौतं त्यांना बराबर आठवत होती. त्या दवाखान्याच्या पायरीवरच ह्यांनी पोरीला माझ्या कडेवर दिलं.

"धर हिला. अन् आता माझ्याजवळ आनू नको."

आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. ह्यांनी खाट पडवीत नेली. ताट वेगळं, गिलास वेगळा, पांघरूण वेगळं. मी खूप भांडले. गोळ्या देणाऱ्या नर्सबाईनं सांगितलं होतं की औषध सुरू झालं की थोड्या दिवसांनी दुसऱ्याला लागत नाही, घरात वावरा. मी तेच रोज सांगायचे.

"चुलत्याच्या टायमाला पन आसंच म्हनले व्हते," हे म्हणायचे. "तू मला शिकवू नको. एकच लेकरू हाये आपल्याला."



पोरगी रांगायला लागली ती उंबऱ्यापर्यंत. पुढं आली की हे ओरडायचे, मग तिच्या रडण्यानं स्वतःच तोंड फिरवून बसायचे. माझ्या शिलाईची दोऱ्याची रिकामी रिळं होती. हे पडवीतून ती घरंगळत सोडायचे आणि पोरगी आतून परत ढकलायची. तासन् तास चालायचं. ती बोलायला लागली तेव्हा ह्यांनी तिला एक खेळ शिकवला. हे तोंडाला दस्ती लावायचे आणि म्हणायचे, "पप्पाचा खोकला आला, नाक झाका!" की ती फ्रॉक वर उचलून नाकावर धरायची. पोट उघडं, तोंड झाकलेलं. आम्ही दोघं हसायचो. सांगायला लाज वाटते, पण हसायचो.

सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्या. त्या काळात हे घरीच होते, त्यामुळं खोकला बसला, चेहरा थोडा भरला. आम्ही म्हटलं, गोळ्यांना गुण आला. भट्टीपासून लांब राहिले म्हणून बरं वाटत होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सासूबाईंनी विहारात खीर वाटली. हे पुन्हा कामावर गेले, त्याच भट्टीत उतरले आणि दोन पंधरवडे होत नाहीत, पोरीला जवळ घ्यायचा धीर होत नाही, तोच पुन्हा खोकायला लागले. डॉक्टर म्हणाला, टीबी उलटला. पुन्हा गोळ्या, पुन्हा खाट पडवीत. ठेकेदार सगळ्यांना सांगायचा, "टीबीचा माणूस असून मी कामावर ठेवलाय, दुसरा कुणी ठेवला नसता." लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मीही एकदा म्हटलं होतं.

त्याही गोळ्या संपवून हे कामावर गेले आणि खोकला तिसऱ्यांदा उलटला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हे पाण्याचा हंडा उचलताना मधेच खाली बसले आणि त्यांचे ओठ मला जांभळे दिसले. पोरीला शेजारणीकडं दिलं, अंगावरची साडी तशीच, आणि ह्यांना एसटीत बसवून संभाजीनगरला नेलं. "तिथं काय निराळं सांगणार हायेत?" असं हे वाटभर म्हणत होते.

तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं छाती तपासली आणि विचारलं, "दादा, काम काय करता?"

"मजुरी."

"कसली मजुरी?"

"भट्टीत."

"भट्टीत म्हणजे नेमकं काय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. ह्यांना हुरूप आला. भट्टी केवढी असते, जुनं अस्तर कसं फोडतात, नवी भुकटी कशी ठासायची, ठासताना कुठं पोकळी राहिली तर भट्टी कशी फुटू शकते, सगळं हातवारे करून सांगितलं. आपलं काम किती जोखमीचं आहे ते सांगताना त्यांचा आवाज चढला आणि मग खोकला आला. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

आठवडाभरानं सगळ्या तपासण्या हातात आल्या. टीबीचा जंतू कुठंच सापडला नाही. बाई म्हणाल्या, ती दगडाची भुकटी फुफ्फुसात बसली आहे, त्यामुळं फुफ्फुस आतून कडक होत चाललं आहे. ती काढायला औषध नाही. आजपासून ते काम बंद करा. अशा छातीला पुढं टीबी लवकर धरू शकतो, म्हणून तपासत राहा. मला एवढंच ऐकू आलं की औषध नाही. मी तोंडाला पदर लावला.

ह्यांना दुसरंच ऐकू आलं होतं.

"मॅडम, म्हंजे हे दुसऱ्याला लागत न्हाई?"

"नाही, दादा. धूळ आहे ती. तुमच्या छातीतली दुसऱ्याच्या छातीत कशी जाईल?"

"बिलकुल लागत न्हाई?"

"नाही."

"मागं पन लागत नव्हतं?"

बाईंनी जुने फोटो पुन्हा पाहिले. "नाही. तेव्हाही हेच दिसतंय."

"म्हंजे लेकरू घेता आलं असतं," हे म्हणाले.

बाईंना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगी तेव्हा तीन वर्षांची झाली होती आणि बाप तिला रांगताना, उभी राहताना, पहिलं पाऊल टाकताना पडवीतून बघत होता.

जालन्यात उतरल्यावर मी घरी न जाता थेट ठेकेदाराकडं गेले. ह्यांनी पुष्कळ अडवलं. मी त्याला म्हटलं, "टीबी नव्हताच. तुमच्या भुकटीनं छाती गेली ह्यांची."

तो शांतपणे म्हणाला, "ताई, इतके डॉक्टर टीबी म्हणले, अन् तुम्ही एकीच्या सांगण्यावर आमच्यावर आळ घेऊन राह्यल्या? टीबीचा माणूस सांभाळला, त्याचे उपकार ऱ्हायले बाजूला." मग आतून गुळाची एक छोटी ढेप आणून त्यानं टेबलावर ठेवली. "न्या, दादाला द्या. छातीला बरं असतं."

मी ती ढेप उचलली आणि त्याच्या पायाशी आपटली. फुटली नाही, नुसती लोळत दारापर्यंत गेली. बाहेर येऊन मी रस्त्यावर उभ्यानं रडले. हे म्हणत होते, "चल, पोरगी वाट बघत असंल."

पोरगी वाट बघत नव्हती. ह्यांनी पडवीत खाली बसून हात पुढं केले आणि ती उंबऱ्याच्या आत थांबली. तिनं फ्रॉक उचलून नाकावर धरला. खेळ असेल असं तिला वाटलं. हे म्हणाले, "नगं झाकू आता. ये माझ्याकडं." ती माझ्यामागं लपली.

तिला जवळ आणायला पुष्कळ दिवस लागले. आधी मी ह्यांच्या शेजारी बसायचे आणि तिला माझ्या मांडीवर घ्यायचे. मग तिचा एक पाय ह्यांच्या मांडीवर. मग हे तिची वेणी घालायला शिकले, कारण वेणी घालताना तिची पाठ असायची आणि ती घाबरायची नाही. मग एके दुपारी ती आपणहून त्यांच्या कुशीत जाऊन बसली आणि ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मशीन तशीच सोडून मी आत निघून गेले. त्या दिवसांत आम्ही सुखी होतो. तब्येत उतरत होती, चार पावलांवर बसावं लागत होतं, पण सुखी होतो.

यंदा जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. सगळी गल्ली दारात आली. शेजारची लेकरं बापांच्या खांद्यावर बसून निळे झेंडे हलवत होती. आमची पोरगी पळत पडवीत आली, ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"पप्पा, वर घ्या. मला दिसंना."

ह्यांनी तिच्या काखेत हात घातले. खाटेवरून अर्धवट उठले, तिला गुडघ्याइतकं उचललं आणि तिथंच श्वास अडकला. ती हवेत हसत होती, "अजून वर, अजून वर," म्हणत होती. ह्यांनी तिला खाली ठेवलं आणि खाट धरून बसले. छातीचा भाता हलत होता, शब्द फुटत नव्हता. तिनं पुन्हा हात वर केले.

मी पुढं झाले. म्हटलं, मी घेते. पण ह्यांनी मला हातानं थांबवलं. उशाची दस्ती घेतली, नाकाला लावली आणि कसंबसं म्हणाले,

"लांब हो बेटा. पप्पाला पुन्ना तसला खोकला आलाय. लागतो."

ती लगेच मागं सरली. इतके दिवस खपून आम्ही तिला विसरायला लावलं होतं, ते तिला पुरतं पाठ होतं. फ्रॉक वर, नाक झाकलेलं. मी तोंड उघडलं होतं, काय बोलताय हो हे, धूळ कुठं लागते, असं म्हणणारच होते, तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

पोरीनं माझा पदर ओढला.

"मम्मी, तू पन सरक ना इकडं. लागतंय."

मी सरकले.