आडनावावरून दिलेली खोली

प्रमोदिनी चौगुलेला नुसतं आडनाव सांगायचा अवकाश. तुमचं गाव, तुमची जात आणि तुमच्या घरी मटण शिजतं की नाही, हे ती चहा गाळता गाळता सांगून मोकळी व्हायची. कॅनडात हॅलिफॅक्सला येऊन अकरा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. उलट तिथे तिला बाळसंच आलं होतं. विद्यापीठाच्या होस्टेल ऑफिसात खोल्यांच्या याद्या करायचं काम तिच्याकडे होतं, आणि नाव वाचूनच हा मुलगा लेबनीज, ही मुलगी केरळची, असं ती छातीठोकपणे सांगायची. तिची साहेबीण लिंडा याचं फार कौतुक करायची. कौतुक करून घेणं प्रमोदिनीलाही वाईट जमत नव्हतं.

२००९च्या उन्हाळ्यात विद्यापीठानं कॅम्पसच्या कडेचं एक जुनं तिमजली लाकडी घर गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलं. खोल्या बारा. आणि ही मागणी त्या मुलांचीच होती, दोन वर्षं अर्ज करून त्यांनी ती पदरात पाडून घेतली होती. प्रमोदिनीला काही उलगडा होईना. सगळ्यांत मिसळायचं म्हणून आपण एवढ्या थंडीत येऊन राहिलो, आणि ही पोरं वेगळं घर मागतात? नवऱ्याला, मिलिंदला, तिनं विचारलं तर जेवताना मान वर न करता तो म्हणाला, मग तुझ्या बाबांचं बोर्डिंग काय होतं?

ते तिला पटलं. बाबा कोल्हापुरात स्वतःच्या समाजाच्या बोर्डिंगात राहून शिकले होते. ते नसतं तर मॅट्रिकच्या आधीच गावाकडे परतले असते. त्या बोर्डिंगात सुपरिंटेंडेंट दारातच आडनाव विचारायचे आणि मग ट्रंक आत घ्यायचे, ही गोष्ट बाबांनी शंभर वेळा सांगितली होती. तेव्हा हे असंच काहीतरी असणार असं समजून ती निर्धास्त झाली. घोळ झाला तो इथेच.

कारण इथल्या फॉर्मवर आडनावाचा संबंधच नव्हता. एक चौकोन होता. तुम्ही स्वतःला या विद्यार्थ्यांपैकी समजत असाल तर खूण करा, बस्स. पुरावा मागायचा नाही, मूल म्हणेल ते खरं, असं लिंडानं बजावलं होतं. प्रमोदिनीला हे विचित्रच वाटलं. मी अमुक आहे असं स्वतःच म्हणून बोर्डिंगात कोणी शिरतं का?

पंधरा अर्ज आले. तारखेप्रमाणे पहिल्या बारा जणांना जूनमध्ये होकाराची पत्रं गेली, तिघं वेटिंगवर राहिले. ऑगस्टमध्ये याद्या पुन्हा तपासताना चौथ्या नावाशी ती थबकली. हेदर ग्रँट. ग्रँट? हे तर अस्सल साहेबाचं नाव, आपल्या मुंबईत एका रस्त्याला दिलेलं. बिचारीनं दिसतील तितक्या चौकोनांत खुणा केल्या असतील, असं म्हणून प्रमोदिनी हसली आणि कोणालाही न विचारता तिनं हेदरला शेजारच्या मोठ्या होस्टेलात टाकलं. तसं गोड शब्दांत पत्रही पाठवलं. रिकामी खोली वेटिंगवरच्या पहिल्या मुलीला, मिसिसागा शहरातल्या अनन्या कारखानीसला दिली. सगळं नियमानं झालं, असं तिनं मनाला सांगितलं. पण खरं बोलायचं तर, यादीत कारखानीस बघून तिला बरंही वाटलं होतं.

सप्टेंबरात मुलं राहायला आली त्या सकाळी काउंटरवर एक उंच काळी मुलगी आणि रविवारी चर्चला घालायची हॅट घातलेली तिची आजी येऊन उभी राहिली. आजीनं दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि शांतपणे विचारलं, "जूनमध्ये हो, ऑगस्टमध्ये नाही. मध्ये काय झालं?"

प्रमोदिनीनं पत्रावरचं नाव वाचलं, मुलीकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. डोकं चालेनासं झालं. कॉम्प्युटरची चूक असेल, असं ती पुटपुटली. तेवढ्यात मागून लिंडा आली आणि म्हणाली की कॉम्प्युटर असं आपण होऊन करत नाही.

"मी केलं," प्रमोदिनी म्हणाली. तिचे कान तापले होते. "आडनाव वाचून मला वाटलं, ही गोरी असेल."

आजी म्हणाली की शहराबाहेर अर्ध्या तासावर आमचं गाव आहे, दोनशे वर्षं आम्ही तिथे आहोत. त्या गावाच्या फाट्यावरून प्रमोदिनीची बस रोज जात होती. "आणि हे आडनाव ज्याचं होतं," आजी म्हणाली, "त्याच्या मालकीचे होतो आम्ही."

"मी खूण केली होती," हेदर म्हणाली. "एका तरी दारात मला कोणाला काही पटवून द्यावं लागू नये, म्हणून."

प्रमोदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिंडा एवढंच म्हणाली की तुझ्याशी सोमवारी बोलते. म्हणजे नोकरीचं काय ते सोमवारी. पण खोलीचं आत्ताच बघायला हवं होतं, आणि अनन्या तर सकाळीच राहायला आली होती. तिला बाहेर काढायला लिंडा धजेना. मग प्रमोदिनी स्वतःच तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तिला मराठीत सगळं खरं सांगितलं. पलंगावर नवी चादर घातलेली होती.

"आय वॉन्टेड धिस टू, आँटी," अनन्या म्हणाली. मग ती चादर काढायला लागली.

म्हणजे एकीचं निस्तरायला जावं तर दुसरीचं बिघडत होतं. हिला हवं होतं, तिला हवं होतं, दोघींचं खरं होतं, आणि आपण स्वतः त्या चौकोनात बसतो की नाही हेही प्रमोदिनीला धड सांगता आलं नसतं. तिला रडू येत होतं, पण रडायला सवड नव्हती.

खाली आल्यावर आजीला तिनं खोली मिळाल्याचं सांगितलं. मला कोणाची खोली हिसकावून घ्यायची नाही, असं हेदर म्हणायला लागली तशी आजी म्हणाली, "तुझी तू घेणार. आणि खोकी ही बाई उचलणार."

प्रमोदिनीनं उचलली. अनन्याची शेजारच्या होस्टेलात नेली, हेदरची तिसऱ्या मजल्यावर. पार्किंगमधून दोन्हीकडे तिच्या सात खेपा झाल्या. आठव्या खेपेला हेदरची पुस्तकं घेऊन ती निघाली असताना एका गोऱ्या गृहस्थानं तिला हाक मारली. मोठ्या होस्टेलात येणाऱ्या कोणा मुलीचे ते वडील. गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डाकडे न बघता ते सौजन्यानं म्हणाले की एवढं झालं की आमचा फ्रिज, चौथा मजला. आणि टीप म्हणून त्यांनी पाच डॉलरची नोट तिच्या हातातल्या खोक्यावर ठेवली.

मी ऑफिसात आहे, मी हमाल नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण आज कोणाला काय सांगायचा आपल्याला हक्क आहे, हेच तिला कळेना.

पायरीवर बसलेल्या आजीनं हे सगळं पाहिलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सावकाश आली, नोट उचलून त्या गृहस्थाच्या खिशात परत घातली. मग खोक्याची एक बाजू तिनं धरली आणि प्रमोदिनीला म्हणाली, "चल. जिना अरुंद आहे, तू पुढे हो."