एमेले डॉडनं परत केलेली यांगोना

एमेले डॉडच्या तोंडाला लागू नये, असं आमच्या बेटावरच्या लेवुका गावात सगळेच म्हणतात, आणि सकाळी पावासाठी सगळे तिच्याच दारात उभे असतात. बीच स्ट्रीटवरची तिची बेकरी लाकडाची, दुमजली, समुद्राकडे तोंड केलेली. तिचा बाप याच भट्टीत पाव भाजायचा. घर भाड्याचं. मालक ब्रिस्बेनला. त्यानं बेकरी डोळ्यांनी पाहिलेली नाही, भाडं मात्र वेळेवर पाहतो.

मंडळ काढलं ते तिनंच. मोठ्या वादळात अर्ध्या रस्त्याची छपरं समुद्रात गेली, तेव्हा राजधानीतून, सुवाहून माणसं आली, फोटो काढले आणि म्हणाली, हा वारसा आहे, कुणी हात लावू नका. एमेले म्हणाली, "हात नाही लावला तर पुढच्या वाऱ्याला तुमचा वारसा मासे बघतील." त्या शनिवारी ती स्वतः शिडीवर चढली. लाज वाटली म्हणून पुरुष चढले. तेव्हापासून दर शनिवारी मंडळ जमतं. कुणाच्या खिडक्या खरवडायच्या, कुणाचे पत्रे ठोकायचे, नाल्यातला गाळ काढायचा. बायका कसाव्याचे कंद आणि डब्यातले मासे शिजवतात, आणि काम संपलं की यांगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाचं, लाकडी पातेलं मध्ये येतं. पैसे कुणाला मिळत नाहीत. शिव्या मात्र एमेले सगळ्यांना सारख्या वाटते.

किराणावाल्या चाँगनं एकदा दुकानाला जांभळा रंग फासला. एमेले त्याच्या पायरीवर जाऊन बसली. चाँग म्हणाला, "माझं दुकान आहे, आजी." ती म्हणाली, "दुकान तुझं. रस्ता माझा. माझ्या डोळ्यांत खुपतंय." मग तिनंच खरवडणी आणली आणि त्याच्याबरोबर बसून तो रंग खरवडला. चाँग अजून सांगतो की म्हातारी खरवडताना एकदाही गप्प बसली नाही.

अशी ही बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुवाला गेली, आणि घोळ झाला तो तेवढ्यात.

ब्रिस्बेनच्या मालकानं बेकरी एका हॉटेल कंपनीला विकली होती. कंपनीला ती पाडायची होती. पण आमच्या रस्त्यावरचं जुनं घर पाडायचं तर सुनावणी होते, आणि सुनावणीत मंडळाला विचारल्याशिवाय परवानगी मिळत नाही. कंपनीचा माणूस जोसाईया हे जाणून होता. तो रिकाम्या हातानं आला नाही. यांगोनाच्या मुळांची चांगली जुडी घेऊन आला, बूट काढले, मंडळाच्या शेडमध्ये चटईवर मांडी घातली, आणि जुडी पुढे सारून बोलू लागला. पोरगं गोड बोलायचं. आधी आमचा उपाध्यक्ष अपेनिसा सुतार याच्या आजोबांच्या गावाचं नाव घेतलं, मग त्या गावाच्या डोंगराचं, मग नदीचं. आणि त्याच ओघात म्हणाला, बेकरीच्या जागी आमचं हॉटेल व्हावं, त्याला तुमचा हात लागावा.

अपेनिसाचा हात लागला. साठ वर्षं जुडी पुढे आली की तो हात जातो, तसा गेला. जुडीला स्पर्श केला, पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या, विनाका, म्हणजे आभार, म्हणाला. स्पर्श झाला म्हणजे मागणं कबूल, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. मग मुळं कुटली, पाण्यात कालवली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून बेकरी पिऊन टाकली.

एमेले बोटीतून उतरली ती एका डोळ्याला पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यानं तिनं आमची तोंडं बघितली.

"कुणी हात लावला?"

"मी," अपेनिसा म्हणाला.

"तो काय मागत होता ते ऐकलंस का?"

"ऐकलं. पण तोवर हात गेला होता."

"हात गेला! तुझा हात काय बकरी आहे रे, हिरवं दिसलं की निघाली?"

चाँगनं मधला मार्ग काढला. "अध्यक्ष तू आहेस, आजी. सोमवारी सुनावणीत तू नाही म्हण, संपलं."

"मी नाही म्हणेन आणि हा शेजारी बसून हो म्हणेल. हो ना रे?"

अपेनिसानं मान खाली घातली. "मला विचारलं तर हो म्हणावंच लागेल. शब्द गेलाय. तो मोडून मी रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसू?" आणि मग, स्वतःचीच चीड आल्यामुळे असेल, नको ते बोलला. "तुला नाही कळायचं, एमेले. तू अर्धी गोरी. तुला यांगोना म्हणजे नुसतं पाणी."

एमेलेचा पणजोबा जहाजावरून उतरलेला इंग्रज सुतार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं इतकंच.

"अर्धी गोरी आहे ना," ती म्हणाली, "मग तिला सोड, उरलेल्या अर्धीचं ऐक. घेतलेली यांगोना परत करता येते. आली त्याहून मोठी करायची, आणि देणाऱ्याच्या हातात ठेवायची. त्यानं हात लावला की तुझा शब्द तुझ्याकडे. तुझ्या आजोबांनी हे नाही शिकवलं? की ते डोंगराचं नाव सांगण्यातच गेले?"

अपेनिसा एवढंच म्हणाला, "आणि त्यानं हात नाही लावला तर?"

"तर बघू."

दोन दिवस लोक परसात यांगोना खणत होते. तयार व्हायला अजून वर्ष हवं होतं अशी झाडं उपटली गेली. माझ्या शिवणाच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं ठेवायला दिलेली मुळं होती. त्याला विचारलं, तर म्हणाला, "दे दयाल, म्हातारीला नाही म्हटलं तर मी पाव कुठं खाऊ?" बांधलेली जुडी शेवटी दोघांनी उचलावी लागली.

शनिवारी जोसाईया मोजणीवाले घेऊन आला. बेकरीच्या उंबऱ्यासमोर चटई पसरलेली होती. तिच्यावर जुडी, जुडीमागं अपेनिसा, त्याच्या शेजारी एमेले. आत जायचं तर चटई ओलांडावी लागणार होती.

अपेनिसानं रीतीचे शब्द सुरू केले. जोसाईयाच्या गावाचं नाव घेतलं, त्याच्या आईच्या माहेराचं घेतलं, आणि मागण्यापाशी येऊन एमेलेकडे बघितलं. उरलेलं एमेले बोलली. "तू दिलंस ते आम्ही घेतलं. घ्यायला नको होतं. हे मोठं घे आणि आमचा शब्द आम्हाला दे."

जोसाईया उभाच राहिला. "बुबू," आजीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "कंपनीला हे काय कळणार? मला पगार देतात तो घर पाडायला."

"मग कंपनीनं यांगोना कशाला पाठवली? फुलांचा गुच्छ पाठवायचा. येताना रीतीच्या दारानं आलास, आता खिडकीतून उडी मारतोस?"

मोजणीवाल्यानं विचारलं, मागून गेलं तर चालेल का. "मागचं दार उघडं आहे," एमेले म्हणाली. "जायचं तर जा. तुमच्या साहेबाला विचारून जा."

जोसाईयानं नको म्हणून मान हलवली. तो जाऊन समुद्राच्या कठड्यावर बसला. पावाला आलेली माणसं थांबली, मग बोटीला निघालेली थांबली. सगळे जोसाईयाकडे बघत उभे राहिले. लहानशा बेटावर एवढं पुरतं. आज तो चटई ओलांडून गेला असता तर त्याच्या आईच्या कानावर ते त्याच्या आधी पोचलं असतं. उन्हं कलली. अपेनिसाचे गुडघे दुखत होते, पण तो उठेना. एमेलेनं पट्टीवरून पदरासारखा टॉवेल ओढला आणि ताठ बसून राहिली.

शेवटी जोसाईया उठला. चटईजवळ येऊन बूट काढले. "माझी नोकरी गेली तर, बुबू?"

"भट्टीवर माणूस लागतोच मला. उजाडायच्या आधी यावं लागेल. आळस चालणार नाही."

तो हसला नाही, पण ओठ हलले. खाली बसला, जुडीला हात लावला, टाळ्या वाजवल्या. अपेनिसा रडत होता. एमेले त्याला म्हणाली, "ऊठ आता. बघतायत सगळे."

सोमवारी सुनावणीला सुवाहून आलेल्या साहेबानं विचारलं, मंडळाचं म्हणणं काय. सगळ्यांनी एमेलेकडे पाहिलं. तिनं अपेनिसाच्या बरगडीत कोपर मारलं.

"नाही," अपेनिसा म्हणाला. "आधी माझा हो गेला होता. तो परत आणलाय. आता नाही."

कंपनीचा वकील काहीतरी वाचू लागला. साहेबानं त्याला थांबवलं. म्हणाला, निर्णयाला वेळ लागेल, आणि मंडळ नाही म्हणालं म्हणून घर राहीलच असं नाही. तोवर त्या इमारतीवर उगाच खर्च करू नका.

"भट्टीवर गळतंय, साहेब," एमेले म्हणाली. "पीठ भिजतं."

"पण उद्या पाडायची ठरली तर तुमचे पत्रे वाया जातील."

"ठरवा की तुम्ही. सावकाश ठरवा."

सभागृहातून मंडळ सरळ बेकरीवर गेलं. सोमवार होता, तरी. अपेनिसा वर चढला, चाँगनं पत्रे वर सारले, मी खिळे पुरवत होतो. एमेले खालून शिडी धरून होती आणि एका डोळ्यानं वरचा प्रत्येक खिळा वाकडा असल्याचं सांगत होती. जरा वेळानं साहेब बोट गाठायला त्याच पदपथावरून आला. शिडी वाटेत होती.

"जरा बाजूला घेता का?" त्यानं विचारलं.

"वर माणूस आहे," एमेले म्हणाली. "वळसा घाला."