खोटा हात

"सुकाणू हललं तर हात वर. नाही हललं तर हात खाली. मधलं काही नाही."

पाषाणच्या तळ्यावर रविवारी सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. डोक्याला कानटोपी, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला ट्रान्समीटर आणि काठावरच्या स्टुलावर ठेवलेली, रेडिओवर चालणारी हातभर लांबीची बोट. आमचे बोटवाले काका ते. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे.

बोटीजवळ काकू उभ्या असत. ट्रान्समीटरची एरियल मिटलेली ठेवून काका लांब चालत जात, मध्येच थांबून वळत आणि ट्रान्समीटरवरची दांडी हलवत. इकडे सुकाणू हललं की काकू हात वर करत. मिटलेल्या एरियलवर जो सेट इतक्या लांबून ऐकतो, तो एरियल उघडल्यावर भर पाण्यात दगा देत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. ही परीक्षा झाल्याशिवाय बोट पाण्यात जात नसे.

परदेशी वस्तू नुकत्याच दुकानांच्या काचेमागे दिसायला लागल्या होत्या. आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांच्या खिशात पहिल्यांदाच बरे पैसे खुळखुळत होते आणि बोटींचं वेड आम्हालाही लागलं होतं. मी काकांना विचारायला गेलो.

"काका, रिमोट कुठला घेऊ?"

"रिमोट टीव्हीला असतो. तो घ्या आणि टीव्ही बघा."

"आठ चॅनलचा सेट आलाय म्हणे."

"अहो, हात किती आहेत आपल्याला? एक सुकाणूला, एक मोटारीला. बाकीचे सहा काय पायानं चालवणार?"

"दुकानदार म्हणाला, रेंज भरपूर आहे."

"त्याची बोट बुडणार आहे का?"

एवढं बोलून झालं की मात्र ते स्वतः पायात चपला अडकवून दुकानात बरोबर यायचे. "सेट लांब चालत जाऊन, बघून घ्यायचा असतो," ते म्हणायचे, "आणि बोटीपाशी खरं सांगणारं माणूस हवं."

आतून काकू म्हणायच्या, "तेच तर करतेय मी. लग्न झाल्यापासून ह्यांच्यापुढे हातच वर करतेय."

एकदा काकांनी स्वतःसाठी नवा सेट आणला. चांदीसारखा चकचकीत. आठवडाभर त्यांनी तो जिन्यात भेटेल त्याला दाखवला. रविवारी मीही तळ्यावर होतो. काका चालत गेले, काकूंचा हात दर वेळी वर. काका खूश. बोट पाण्यात सोडली, ती मध्यावर गेली आणि ऐकेनाशी झाली. काका दांडी हलवत राहिले आणि बोट सरळ जलपर्णीत घुसली. दोन वर्षं खपून बनवलेली बोट होती ती. पुन्हा सापडली नाही.

काकू हळूच म्हणाल्या, "शेवटी शेवटी सुकाणू हलत नव्हतं. पण तुम्ही इतके आनंदात होता, हात खाली ठेववेना."

काका चारचौघांत त्यांच्यावर ओरडले. "खोटा हात वर करायचा नाही! पुन्हा कधी करायचा नाही!" काकूंनी मान खाली घातली. पुढे दुसरी बोट झाली, दुसरा सेट आला, आणि काकूंनी खोटा हात कधी वर केला नाही.

मग काकू आजारी पडल्या. इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर काका दिवसभर उभे असायचे. एका संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो होतो. काकूंनी आतून खूण केली, घरी जा, आंघोळ करा. काकांनी काचेला तोंड लावून विचारलं, "बरं वाटतंय ना? जाऊ ना मी?"

नळ्यांच्या जंजाळातून काकूंनी हात वर केला. चांगला उंच.

काका निर्धास्त होऊन माझ्याबरोबर घरी आले. आंघोळ करून पानावर बसले तेवढ्यात फोन वाजला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. काका एवढंच म्हणाले, "मला वाटलं, खरा आहे."

काही महिन्यांनी मीच त्यांना ओढून तळ्यावर नेलं. बोटीपाशी मी उभा राहिलो. काका चालत गेले, वळले, दांडी हलवली. मी हात वर केला. ते आणखी लांब गेले. आता सुकाणू नुसतं थरथरलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी हात खालीच ठेवला. काका माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा दांडी हलवली, पुन्हा. मग परत आले, बोट उचलून खाली ठेवली आणि त्या स्टुलावर बसले.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ती असती, तर तिनं हात वर केला असता हो. मी उगाच ओरडलो तिच्यावर." आणि ते रडायला लागले. मीही रडलो.

त्यानंतर ते तळ्यावर आले नाहीत. बोट आणि सेट मला देऊन टाकला. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बोट माझ्या कपाटावर आहे, मी ती पाण्यात घालत नाही.

शेवटच्या वर्षात ते जिन्यात भेटायचे, कठड्याला धरून एकेक पायरी चढताना. मी विचारायचो, "काका, बरं आहे ना?"

ते कठड्यावरचा हात सोडायचे आणि वर करायचे. चांगला उंच.